यूएसआर-लोकलची वहिवाट

म्हैसूरमधील कुवेंपुनगर या वसाहतीला ज्या कवीचे नाव दिले आहे, ते कुप्पळ्ळी वेंकटप्पा पुट्टप्पा (1904–1994) विज्ञान कन्नडमधून शिकवले जावे असा आग्रह सातत्याने धरत राहिले. 1956 ते 1960 या काळात ते म्हैसूर विद्यापीठाचे कुलगुरू होते आणि मानसगंगोत्री हा विद्यापीठाचा परिसर त्यांच्याच कारकिर्दीचे फळ. 1969 साली स्थापन झालेल्या भारतीय भाषा संस्थानाचे ठिकाणही मानसगंगोत्रीच. अशा शहरातल्या घरात डेस्कटॉप आला की त्याच्याकडून इंग्रजीपलीकडची अपेक्षा केली जाणे स्वाभाविक आहे. घर कन्नड असेल तर कन्नड अक्षरे नीट दिसली पाहिजेत, मराठी असेल तर देवनागरीतली जोडाक्षरेही. विसाव्या शतकाच्या अखेरीस आणि एकविसाव्याच्या सुरुवातीला लिनक्सवर ही अपेक्षा तयार सीडीतून पूर्ण होत नसे. सुधारणा आधी सोर्स कोडमध्ये येई, तयार पॅकेजमध्ये पुष्कळ उशिराने. म्हणून ज्यांना थांबायचे नव्हते ते कोड उतरवून घेत, आपल्याच यंत्रावर कंपाइल करत, आणि शेवटच्या पायरीवर एका प्रश्नापाशी येऊन पोहोचत: बांधून झालेले हे सॉफ्टवेअर डिस्कवर ठेवायचे कुठे? हा प्रश्न किरकोळ समजला जातो. ‘मेक इन्स्टॉल’ एवढी आज्ञा दिली की फायली कुठेतरी जातात आणि प्रोग्राम चालतो, मग जागेची चर्चा कशाला, असे विचारले जाते. माझे म्हणणे उलटे आहे. या जागेच्या रिवाजाला पन्नास वर्षांचा इतिहास आहे, आणि तो वाचला तर दिसते की जागा म्हणजे त्या फायलीची जबाबदारी कोणाची याची खूण आहे. घरातल्या एकट्या माणसाच्या डेस्कटॉपवरही ही खूण पुसता येत नाही.

सुरुवात मात्र जबाबदारीतून झाली नव्हती, अडचणीतून झाली होती. बेल लॅब्समध्ये केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स पीडीपी-11 या यंत्रावर आणले ते 1971 च्या सुमारास. त्या वेळच्या डिस्क इतक्या लहान होत्या की 1974 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधात वर्णन केलेल्या, पुढच्या काळातल्या यंत्रालाही प्रत्येकी 2.5 मेगाबाइटच्या, काढता-घालता येणाऱ्या डिस्क होत्या. मूळ प्रणाली पहिल्या डिस्कवर आणि वापरकर्त्यांच्या स्वतःच्या फायली दुसऱ्यावर, अशी विभागणी होती. ही दुसरी डिस्क जोडली जाई ती ‘/यूएसआर’ या नावाखाली. पहिली भरत आली तेव्हा प्रणालीचे प्रोग्राम दुसरीवर सांडू लागले, आणि ‘/बिन’सारखीच एक ‘/यूएसआर/बिन’ तयार झाली. पुढे वापरकर्त्यांची घरे तिसरीकडे हलली, पण सांडलेले प्रोग्राम जिथल्या तिथे राहिले. ‘/बिन’ आणि ‘/यूएसआर/बिन’ यांच्यातल्या फरकाला नंतर अनेक तात्त्विक स्पष्टीकरणे जोडली गेली. ती बहुतेक मागाहून सुचलेली आहेत, आणि याचा सर्वांत सबळ पुरावा असा की हा फरक मोडला तरी काही अडले नाही. 2012 साली फेडोरा 17 ने दोन्ही एकत्र केल्या, आणि 2023 च्या डेबियन 12 पासून डेबियननेही एकत्रित रचनाच मान्य धरली. डिस्कच्या मापाने आखलेली रेषा डिस्क मोठ्या झाल्यावर मिटली.

‘/यूएसआर/लोकल’ची रेषा मात्र मिटली नाही, आणि माझ्या युक्तिवादाचा मुख्य आधार हाच आहे. ही डिरेक्टरी 1980 च्या दशकात विद्यापीठांमध्ये, विशेषतः बर्कलीच्या परंपरेतल्या युनिक्सवर, रूढ झाली. तिथली परिस्थिती अशी होती की प्रणाली बाहेरून टेपवर येई आणि तिची नवी आवृत्ती आली की जुनीवर लिहिली जाई. विभागाच्या यंत्रावर तिथल्या व्यवस्थापकाने स्वतः बांधलेले किंवा मित्र-विद्यापीठाकडून आणलेले प्रोग्राम जर ‘/यूएसआर/बिन’मध्ये ठेवले, तर नव्या टेपबरोबर ते नाहीसे होण्याची भीती होती. म्हणून स्थानिक वस्तूंसाठी वेगळी जागा. बाहेरून आलेले बाहेरच्याने बदलावे, इथे केलेले इथल्याने सांभाळावे. कुवेंपुनगरसारख्या आखीव वसाहतीत रस्ता आणि गटार प्राधिकरणाचे, आणि भूखंडावरचे बांधकाम घरमालकाचे, तशी ही वाटणी होती. यात डिस्कच्या मापाचा संबंध नव्हता, म्हणून डिस्क वाढल्या तरी ती टिकली. 1991 मध्ये डेव्हिड मॅकेन्झी यांनी ऑटोकॉन्फचे काम सुरू केले आणि ‘कॉन्फिगर’ या स्क्रिप्टने जगभरच्या सोर्स कोडला एकसारखी बांधणी दिली. त्यात वापरकर्त्याने काहीच सांगितले नाही तर प्रीफिक्स, म्हणजे मांडणीचे मूळ ठिकाण, ‘/यूएसआर/लोकल’ असे धरलेले होते. विद्यापीठातला एक रिवाज अशा रीतीने प्रत्येक घरच्या संगणकाचा पूर्वनिर्धारित पर्याय झाला. 14 फेब्रुवारी 1994 रोजी लिनक्ससाठी फायलींच्या मांडणीचे पहिले प्रमाण निघाले, 1997 मध्ये त्याचा विस्तार एफएचएस म्हणून झाला, आणि 2015 मध्ये त्याची तिसरी आवृत्ती आली. या सगळ्यांत ‘/यूएसआर/लोकल’विषयीची अट कायम राहिली: प्रणाली अद्ययावत होताना इथल्या फायलींना धक्का लागता कामा नये. डेबियनने तर आपल्या पॅकेजांना तिथे एकही फाइल ठेवण्याची बंदी केली, फार तर रिकामी डिरेक्टरी चालेल.

1990 च्याच दशकात लिनक्स आपल्याकडे घरोघरी पोहोचू लागले, आणि तेव्हाच या नियमाची खरी परीक्षा झाली. सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू झाले ते 15 ऑगस्ट 1995 रोजी, तेही मोजक्या महानगरांत. म्हैसूर, बेळगाव, कोल्हापूर अशा शहरांत टेलिफोनच्या तारेवरून शेकडो मेगाबाइट उतरवणे बराच काळ शक्य नव्हते. लिनक्स आले ते मुख्यतः मासिकासोबतच्या सीडीतून, आणि त्यात पीसीक्वेस्ट या मासिकाचा वाटा मोठा. त्या उपक्रमामागचे अतुल चिटणीस बर्लिनला जन्मले, बेळगावात अभियांत्रिकी शिकले आणि बंगळुरात स्थायिक झाले. पुढे ‘लिनक्स बंगळुरू’ आणि ‘फॉस डॉट इन’ ही संमेलनेही त्यांनी उभी केली. 2013 साली त्यांचे निधन झाले. लिनक्सच्या आपल्याकडच्या प्रसाराचा इतिहास लिहिताना त्यांचे नाव वगळता येणार नाही. सीडीतून येणाऱ्या प्रणालीचा एक परिणाम मात्र फारसा बोलला गेला नाही. टेपच्या काळातली परिस्थिती इथे जशीच्या तशी परत आली होती. नवी सीडी आली की मूळ विभाजन पुसून नव्याने मांडणी करायची, असा सर्रास प्रघात होता, कारण हप्त्या-हप्त्याने अद्ययावत करण्याइतकी जोडणीच नव्हती. ज्यांनी ‘/होम’ वेगळ्या विभाजनावर ठेवले होते त्यांची कागदपत्रे वाचत. ‘/यूएसआर/लोकल’ही वेगळे असेल तर बांधलेल्या सॉफ्टवेअरच्या फायलीही वाचत, आणि तसे नसेल तर निदान त्या एका डिरेक्टरीची नक्कल काढून ठेवणे पुरे होई. ज्यांनी प्रीफिक्स बदलून सगळे थेट ‘/यूएसआर’मध्ये मिसळले होते, त्यांना आपले काय आणि सीडीचे काय हे वेगळे काढण्याचा मार्गच उरत नसे.

भाषेचे उदाहरण घेतले तर हे अधिक स्पष्ट होते. मुंबईत 2000 च्या आसपास इंडलिनक्सचे काम सुरू झाले, पुण्यात रेड हॅटच्या कार्यालयात भारतीय भाषांचा विभाग वाढला, आणि 2004 मध्ये लोहित हे मुक्त फाँट आले. या मालिकेत देवनागरी आहे तसे कन्नडही. फाँटची जागा निवडणे सोपे. घरच्या डिरेक्टरीतल्या ‘.फाँट्स’मध्ये टाकला तर तो त्या वापरकर्त्यापुरता, ‘/यूएसआर/लोकल/शेअर/फाँट्स’मध्ये टाकला तर घरातल्या सर्वांना. कुणाचे काही बिघडत नाही. पण फाँट पुरेसा नसतो. ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाआधी नेणे, रफार पुढच्या अक्षरावर चढवणे हे काम अक्षररचना करणाऱ्या लायब्ररीचे, आणि ग्नोमवर ती लायब्ररी म्हणजे पँगो. तिची नवी आवृत्ती स्वतः बांधली की जागेचा प्रश्न एकदम गंभीर होई. त्या काळी पँगोमध्ये प्रत्येक लिपीसाठी वेगळे मॉड्यूल असे आणि त्या मॉड्यूलांची यादी प्रीफिक्सखालच्या ‘ईटीसी’मध्ये शोधली जाई. म्हणजे बांधतानाच ठरवलेला पत्ता लायब्ररीच्या पोटात कोरला जाई. नंतर डिरेक्टरी उचलून दुसरीकडे ठेवली की अक्षरे पुन्हा तुटलेली. शिवाय डेबियनवर ‘/यूएसआर/लोकल/लिब’ ही लायब्ररी शोधण्याच्या ठिकाणांत धरलेली होती, रेड हॅटच्या वंशात ती धरलेली नव्हती. त्यामुळे तीच पँगो, त्याच आज्ञांनी बांधलेली, एका यंत्रावर सगळ्या प्रोग्रामांना लागू होई आणि दुसऱ्यावर एकालाही नाही. यातून निष्कर्ष असा निघतो की स्वतः बांधलेल्या वस्तूची जागा शेवटच्या पायरीवर ठरत नाही, ती ‘कॉन्फिगर’च्या वेळीच ठरवावी लागते, आणि ठरवताना तिचा उपयोग किती जणांना, कोणकोणत्या प्रोग्रामांना व्हायला हवा हे आधी विचारावे लागते.

पहिला आक्षेप इथेच येतो, आणि तो वजनदार आहे. विद्यापीठात व्यवस्थापक वेगळा, विक्रेता वेगळा, विद्यार्थी वेगळे. घरच्या डेस्कटॉपवर हे सगळे एकच माणूस आहे. मग जबाबदाऱ्या वाटायच्या कुणाकुणात? उत्तर असे की घरात माणूस एक असला तरी नोंदी दोन आहेत. डेबियनच्या वंशातल्या प्रणालीवर डीपीकेजी, रेड हॅटच्या वंशात आरपीएम, प्रत्येक फाइल कोणत्या पॅकेजने आणली याची नोंद ठेवतात आणि त्या नोंदीच्या आधारे फायली बदलतात, काढतात. स्वतः बांधलेली फाइल या नोंदीत नसते. ती ‘/यूएसआर/बिन’मध्ये त्याच नावाने ठेवली तर पुढच्या अद्यतनाला ती आपलीच फाइल वाटते आणि ती बदलली जाते. उलट दिशेचे नुकसान आणखी वाईट: प्रणालीची स्वतःची अवजारे ज्या लायब्ररीवर उभी आहेत, तीच आपल्या हातून बदलली गेली तर दुरुस्तीची अवजारेही बंद पडतात. पायथनच्या जगात हे इतक्यांदा घडले की 2021 मध्ये पेप 668 हा प्रस्ताव मांडावा लागला, आणि डेबियन 12 पासून पिप या पायथनची पॅकेजे बसवणाऱ्या साधनाने प्रणालीच्या पायथनमध्ये थेट भर घालणे नाकारायला सुरुवात केली. या नकारामागे तोच जुना विचार आहे. ज्याच्याकडे नोंद, त्याच्याकडे जागा. एकट्या माणसालाही सहा महिन्यांनी आपण कोणती फाइल कुठून आणली ते आठवत नाही, आणि जिथे स्मरण पुरत नाही तिथे पत्ताच साक्ष देतो.

दुसरा आक्षेप ‘/यूएसआर/लोकल’वरच आहे आणि तो मी बऱ्याच अंशी मान्य करतो. तिथे ठेवलेली फाइल पुसली जात नाही हे खरे, पण ती दुसऱ्या फाइलला झाकते. आज्ञा शोधण्याच्या क्रमात ‘/यूएसआर/लोकल/बिन’ सहसा ‘/यूएसआर/बिन’च्या आधी येते. तिथे नव्या आवृत्तीचा दुभाषी प्रोग्राम (इंटरप्रिटर) ठेवला की नावाने हाक मारणारी प्रत्येक स्क्रिप्ट नव्याकडेच जाते, तिला जुनाच हवा असला तरी. वस्तू वेगळी ठेवली, पण परिणाम घरभर पसरला. दुसरी उणीव अशी की ‘/यूएसआर/लोकल’च्या आत पुन्हा सगळे मिसळते. दहा प्रोग्राम बांधले की त्यांच्या फायली एकाच ‘बिन’ आणि ‘लिब’मध्ये जातात, आणि त्यांतला एक काढायचा तर सोर्सची डिरेक्टरी जपलेली असावी लागते व ‘मेक अनइन्स्टॉल’ लिहिण्याची मेहनत लेखकाने घेतलेली असावी लागते. यावरचा उपाय फार पूर्वी सापडला आहे आणि तो अजूनही पुरेसा वापरला जात नाही याची मला खंत वाटते. कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या डेपो या पद्धतीवरून प्रेरणा घेऊन बॉब ग्लिकस्टाइन यांनी 1993 मध्ये स्टो हा प्रोग्राम लिहिला. प्रत्येक सॉफ्टवेअर आपल्या स्वतंत्र डिरेक्टरीत ठेवायचे, ‘/यूएसआर/लोकल/स्टो’च्या खाली, आणि ‘/यूएसआर/लोकल/बिन’मध्ये फक्त त्याकडे बोट दाखवणारे दुवे ठेवायचे. काढायचे असेल तेव्हा दुवे उचलायचे आणि डिरेक्टरी पुसायची. म्हणजे नोंद ठेवणारी वेगळी यादीच लागत नाही, मांडणी हीच नोंद होते. हीच कल्पना टोकाला नेली की नेदरलँड्समधल्या युट्रेख्ट विद्यापीठात एल्को डोल्स्ट्रा यांनी 2003 मध्ये सुरू केलेली निक्स ही पॅकेज-व्यवस्था मिळते. त्यात प्रत्येक बांधणीची डिरेक्टरी तिच्या घटकांवरून काढलेल्या सांकेतिक खुणेने ओळखली जाते, आणि दोन आवृत्त्या शेजारी शेजारी निर्धास्त राहतात.

घरची डिरेक्टरी हा तिसरा पर्याय, आणि डेस्कटॉपवर पहिला विचार त्याचाच व्हावा असे मला इतिहास पाहून वाटते. तो गैरसोयीतून जन्मला. विद्यापीठाच्या यंत्रावर ज्यांना व्यवस्थापकाचा अधिकार नव्हता, ते सगळे काही आपल्या घरात बांधत. ब्राझीलमधल्या हिशाम मुहम्मद यांनी असेच घरच्या डिरेक्टरीत प्रत्येक प्रोग्रामला स्वतंत्र कप्पा दिला, आणि त्यातूनच पुढे गोबोलिनक्स ही संपूर्ण प्रणाली त्या मांडणीवर उभी राहिली. 2003 नंतरच्या एक्सडीजी प्रमाणांनी घरातल्या ‘.लोकल’ला आकार दिला, 2008 च्या पायथन 2.6 ने वापरकर्त्याची स्वतःची पॅकेजे तिथेच ठेवायला सुरुवात केली, आणि आज ‘.लोकल/बिन’ अनेक वितरणांत आपोआप शोधली जाते. घरात बांधताना ‘सुडो’ लागत नाही, आणि ही केवळ सोय नाही. अनोळखी सोर्स कोडची मांडणी करणारी स्क्रिप्ट सर्वाधिकारी म्हणून चालवणे म्हणजे यंत्राची किल्ली तिच्या हाती देणे. ती घरच्या डिरेक्टरीत चालली तर चुकीमुळे होणारे नुकसान तिच्यापुरते राहते. याला विरोध असा होतो की एकाच्या घरच्या डिरेक्टरीतले सॉफ्टवेअर घरातल्या दुसऱ्या माणसाला मिळत नाही. बरोबर आहे. कुवेंपुनगरातल्या ज्या घरात आई कन्नडमध्ये लिहिते, मुलगी मराठीत आणि दोघींची खाती वेगळी आहेत, तिथे लिपीची लायब्ररी किंवा फाँट ‘/यूएसआर/लोकल’मध्येच हवा. पण एकीला चित्रे संपादित करण्यासाठी लागणारा, रोज बदलणारा प्रयोगशील प्रोग्राम तिच्या ‘.लोकल’मध्ये राहावा. जागेची निवड सॉफ्टवेअरच्या प्रकारावरून करू नये, त्यावर अवलंबून असणाऱ्या माणसांवरून करावी.

मग ‘/ऑप्ट’ कशासाठी? एटी अँड टीच्या सिस्टिम फाइव्हच्या चौथ्या आवृत्तीतून आलेली ही डिरेक्टरी बाहेरच्या विक्रेत्याच्या, एकाच कप्प्यात सगळे बाळगणाऱ्या सॉफ्टवेअरसाठी आहे. स्वतः बांधलेले मोठे, स्वयंपूर्ण सॉफ्टवेअर तिथे ठेवले तर बिघडत नाही, एवढेच म्हणता येईल. स्वतः पॅकेज बांधून ‘/यूएसआर’मध्ये रीतसर बसवणे हा मार्गही माझ्या युक्तिवादाच्या विरोधात जात नाही, कारण त्यात फाइल नोंदीत जाते. अट इतकीच की पुढच्या अद्यतनांची काळजीही त्या माणसाने घ्यावी. फ्रीबीएसडी मूळ प्रणालीबाहेरची सगळी पॅकेजे ‘/यूएसआर/लोकल’मध्येच ठेवते आणि नेटबीएसडीचा पॅकेजसंग्रह ‘/यूएसआर/पीकेजी’ वापरतो. म्हणून ‘लोकल’ हे नाव सगळीकडे एकाच अर्थाने चालत नाही, पण मूळ प्रणाली आणि भर यांच्यातली सीमा दोन्हीकडे आहे. मॅकवर होमब्रू हे पॅकेज बसवणारे साधन 2009 पासून ‘/यूएसआर/लोकल’मध्ये वावरत होते. 2015 मध्ये ॲपलने ‘/यूएसआर’ला सर्वाधिकाऱ्यालाही हात लावता येणार नाही असे कुलूप घातले तेव्हा ‘/यूएसआर/लोकल’ मुद्दाम वगळले. पुढे 2021 मध्ये नव्या ॲपल प्रोसेसरांसाठी होमब्रू स्वतःच ‘/ऑप्ट/होमब्रू’त गेले, म्हणजे जुन्या आणि नव्या प्रोसेसरांसाठीच्या बांधण्या एकमेकींत मिसळणार नाहीत.

शेवटचा आक्षेप सर्वांत आधुनिक आहे: कंटेनर आणि फ्लॅटपॅक आल्यावर हा सारा वाद इतिहासजमा झाला. पुरावा तसे सांगत नाही. फेडोराच्या सिल्व्हरब्लूमध्ये ‘/यूएसआर’ केवळ वाचण्यापुरती आहे, तरीही ‘/यूएसआर/लोकल’ चालू ठेवली गेली, फक्त ती प्रत्यक्षात लिहिता येणाऱ्या ‘/व्हार’खाली वळवली. फ्लॅटपॅकमध्ये आत डोकावले तर सामायिक पाया ‘/यूएसआर’वर जोडलेला दिसतो आणि अनुप्रयोग ‘/ॲप’ हे प्रीफिक्स देऊन बांधलेला दिसतो. पाया एकाच्या जबाबदारीत, भर दुसऱ्याच्या. एवढे करून तो अनुप्रयोग डेस्कटॉपवर उतरवताना पुन्हा निवड करावी लागते. ‘सिस्टिम’ म्हटले तर तो ‘/व्हार/लिब/फ्लॅटपॅक’मध्ये, घरातल्या सर्वांसाठी. ‘यूजर’ म्हटले तर उतरवणाऱ्याच्या ‘.लोकल/शेअर/फ्लॅटपॅक’मध्ये, त्याच्यापुरता.